वच्छलाबाईची बिडाची कढई

हर्सूलच्या वच्छलाबाईची चूल दोन ठिकाणी पेटायची. एक घरातला गॅस, दुसरी लोकांच्या शेतावर, तीन दगडांची. थंडीत शहरातली मंडळी शेतावर जेवणं ठेवायची आणि बोलावणं हिलाच यायचं. भांडं मात्र दोन्हीकडं एकच, बिडाची कढई. नवरा कारभारी वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं ओतकामावर होता. लग्नानंतर चौथ्या वर्षी साहेबांना विचारून त्यानं ती स्वतःच्या हातानं ओतली होती. आणली तेव्हा राखट आणि खरखरीत होती. वच्छलाबाईनं तिला करडईचं तेल पाजून, तापवून, पुन्हा पाजून अशी काळीभोर केली की पिठलं घाटलं तरी तळाला कण चिकटत नसे.

विश्वजित तिला भेटला तो लासूर स्टेशनच्या रस्त्यावर, एका शेतात. पुण्यातली कंप्युटरची नोकरी सोडून आलेला, तिशी ओलांडलेला मुलगा. त्या दिवशी शेंगोळे होते, कुळथाच्या पिठाची वेटोळी, लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेली. त्यानं तीनदा मागून घेतले आणि मग चुलीमागं येऊन उकिडवा बसला.

“मावशी, मला शिकवाल?”

“तुमी? धुरानं डोळे जातेल साहेब.”

पण तो आला. पुढच्या रविवारी आला, त्याच्या पुढच्याही. दोन हिवाळे त्यानं रविवार चुकवला नाही. साहेबाचा ‘विशू’ कधी झाला ते तिलाही कळलं नाही. तिनं त्याला सगळं दिलं. पाण्याचा थेंब नाचला म्हणजे कढई तापली. तापल्या कढईत गार पाणी ओतलं तर बीड तडकतं. चिंचेचं कालवण त्यात ठेवून द्यायचं नाही, लोखंडाची चव उतरते. घरी गॅसवर सुरुवातीची दहा मिनिटं मंद आच. शेतात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ भसकन उठतो, कढई एका अंगानं तापते, म्हणून ती फिरवत राहायची.

“आन तारेची घासणी लावलीस तर हात मोडीन,” ती म्हणायची, आणि तो हसायचा.

तिच्याकडं माप नव्हतं, मूठ होती. म्हणून त्यानं एक छोटा वजनकाटा आणला. ती कुळथाचं पीठ, लसूण, काळा मसाला मुठीनं काट्यावर टाकायची आणि तो आकडा लिहून घ्यायचा. कारभारी एकदा म्हणाला, “सगळंच लिहून देतीस व्हय?” त्यावर तिला रागच आला. “लेकरू शिकायलंय,” ती म्हणाली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर विश्वजित पेढे घेऊन आला. “मावशी, उस्मानपुऱ्यात हॉटेल काढतोय. सगळं बिडाच्या भांड्यात. नाव ‘वच्छलाची चूल’. पहिला घाणा तुमच्या हातचा, तुमच्याच कढईत. आठ दिवस आधी कढई नेऊ का?”

तिनं कढई घासूनपुसून, तेलाचा हात फिरवून, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून दिली.

उद्घाटनाला ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून गेली. कारभारीनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. रिक्षातून उतरल्यावर तिनं पाटी वाचली. तिला वाचायला वेळ लागायचा, म्हणून दोनदा वाचली. पाटीवर लिहिलं होतं, ‘दमयंतीची चूल’.

“दुसऱ्या हॉटेलावर तर नाय ना आलो?” तिनं विचारलं. कारभारीनं मान हलवली, हॉटेल हेच होतं.

आत समोरच्या भिंतीवर, पिवळ्या दिव्याखाली, तिची कढई टांगलेली होती. काठापाशी भोक पाडून त्यातून जाड खिळा घातला होता. वरून चकचकीत रंगाचा हात मारला होता. खाली लिहिलं होतं की विश्वजितच्या आजीनं साठ वर्षं या कढईत घरच्यांना जेवू घातलं.

आजी समोरच खुर्चीत बसली होती. दमयंतीबाई, पंच्याऐंशीची, नऊवारीत. एक बाई मोबाईल धरून तिला विचारत होती, “आजी, हे शेंगोळे तुमचेच ना?”

आजी गोंधळली. “मी? आमच्यात लसूण...” तिनं नातवाकडं पाहिलं. विश्वजितनं मान खाली घातली होती. मग आजीची नजर दारातल्या हिरव्या लुगड्यावर गेली. विशूनं घरी वच्छलाबाईचे फोटो दाखवले असणारच, कारण म्हातारीनं ओळखलं. वच्छलाबाईला ते स्पष्ट दिसलं. आता ही बोलेल, असं तिला वाटलं.

“हो,” आजी म्हणाली. “आमच्याकडची जुनी पद्धत आहे ती.”

टाळ्या वाजल्या.

विश्वजित लगबगीनं आला आणि तिला मुदपाकखान्याच्या दारापाशी घेऊन गेला. “मावशी, रागावू नका. नावाचं काम एका कंपनीला दिलं होतं. ते म्हणाले, लोकांना घरची आजी लागते.”

“मंग मी कोण? बाहेरची?”

“तसं नाही हो...”

“नाव गेलं तर गेलं रे. मी काय पाटी मागाया आले नव्हते, तूच दिलीस. पण भोक? माझ्या माणसानं हातानं ओतलेली कढई, तिला भोक पाडताना तुझा हात कसा चालला?” तिचा आवाज चढला नव्हता. “उतरव ती.”

“आत्ता? लोक बसलेत मावशी.”

“बसू दे.”

स्टुलावर चढून त्याला ती उतरवावीच लागली. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. दोघातिघांनी फोटोही काढले.

बाहेर फुटपाथवर कारभारीनं कढई एका हातात तोलली आणि बोटाच्या पेरानं वाजवली. धड बीड घंटेसारखं वाजतं. हिचा आवाज बसका आला. भोकापासून तळाकडं केसाएवढी चीर गेली होती.

“गेली,” तो म्हणाला. रिक्षात त्यानं ती मांडीवर घेतली.

पंधरा दिवसांनी दमयंतीबाई एकटीच रिक्षा करून हर्सूलला आली. ओट्यावर बसली, धाप लागली होती. वच्छलाबाईनं पाणी दिलं.

“मी खोटं बोलले, बाई,” आजी म्हणाली. “तुला बघून बोलले, हे जास्त वाईट. नातू आहे गं माझा. त्याची फजिती बघवली नसती.”

“व्हय. माझी बघवली.”

आजीनं डोळे पुसले. पाटी बदलायला सांगते म्हणाली, पण तो ऐकत नाही असंही म्हणाली. वच्छलाबाईनं तिला चहा दिला, आधार देऊन रिक्षापर्यंत सोडलं. तिच्यावर राग धरणं जमलं नाही, आणि माफ केलं असंही तिला म्हणता आलं नाही.

हॉटेल जोरात चाललंय, त्याच नावानं. कारभारीनं जुना सोबती कचरू याच्या ओळखीनं दुसरी कढई ओतून आणली. वच्छलाबाई रोज तिला तेल पाजते. अजून पिठलं तळाला धरतं. शेतावरची बोलावणी येतात आणि ती जातेही, पण आता चुलीमागं कुणी येऊन बसलं की तिचा हात थांबतो. परवा वाळूजच्या दोन बाया आल्या होत्या, कारखान्यात जाणाऱ्या, बिडाची भांडी कशी वापरायची ते विचारायला. तिनं “मला येळ नाय” म्हणून त्यांना वाटेला लावलं.

“अगं, सगळेच तसे नसतेत,” कारभारी म्हणाला.

“आसंल,” ती म्हणाली. “पण मला आता वळखू येत नाय.” आणि तिनं गॅस बारीक केला.