पुंगळी सरांची ढिली कड

मे महिन्यात भंडाऱ्यातल्या आमच्या कॉलेजात कूलरसमोरच्या खुर्चीवरून रोज कुरबूर व्हायची. पुंगळी सर त्या भांडणात कधीच नसत. ते कूलरच्या बाजूला, घामाने भिजलेले, त्याच्या तोंडाला बसवलेल्या पत्र्याच्या नळीला कान लावून बसायचे. गार हवा इतरांना, आवाज सरांना.

पुंगळी म्हणजे नळी. नाव पोरांनी ठेवलेलं आणि सरांना ते पसंत होतं. त्यांच्या पीएच.डी.चा विषयच तो होता: नळीतून आवाज जातो तेव्हा त्याचं काय होतं. भिंत पत्र्याची असली तर फार त्रास नाही. कापडाची असली तर भिंत स्वतःच थरथरते. पत्रा संपून कापड सुरू होतं त्या सांध्यावर आवाज फुटतो; काही मागे फिरतो, काही पुढे जातो, काही कापडाच्या थरथरीतून जातो. कुठे किती, ते गणिताने काढायचं. मी सरांची जुनी विद्यार्थिनी, पुढे त्याच विभागात शिकवायला लागलेली. टायपिंग, फॉर्म, तारखा सगळं माझ्याकडे आलं, कारण याद्या करायची सवय मलाच होती. सरांच्या खिशात पेन सापडला तरी खूप.

त्यांचा पडताळा एकच. मागे गेलेला, पुढे गेलेला, कापडातून गेलेला, तिन्ही हिश्श्यांची बेरीज एक आली पाहिजे. रविवारी भर दुपारी फोन यायचा, "मॅडम, बेरीज एक आली!" मुलीचं लग्न जमल्यासारखा आवाज. एवढी वर्षं पेपर तपासणी, निवडणुकीची ड्यूटी आणि दुपारची गेलेली वीज यांतून उरलेल्या वेळात हे चाललं होतं. दोघंही थकलो होतो. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवली होती, तिसऱ्यांदा मिळणार नाही असं लेखी कळवलं होतं. सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. जून संपेपर्यंत प्रबंध गेला नाही, तर सगळं संपलं.

मे महिन्यात माझ्या यादीत एकच काम उरलं होतं: खाणीतल्या नळीचा फोटो. प्रबंधाच्या नावातच खाणीतली हवेची नळी होती, म्हणून पहिल्या पानांत फोटो हवा, असं मीच ठरवलं होतं. चिखल्याला मँगनीजची खाण आहे. तिथे जमिनीखाली हवा पोचवायला पंखा आणि त्याच्या लोखंडी कड्याला बांधलेली रुंद कापडी नळी लावतात. वर आवारात बाबूराव नावाचे फिटर एक जुनी नळी शिवत बसले होते. मी फोटो काढला, यादीवर टिक केली. सर त्यांच्याजवळ उकिडवे बसले.

"कड्याले पक्की आवळता ना, बाबूराव?"

"नाही जी. पक्की आवळली तं पंखा सुरू केल्याबरोबर फाटते. कड ढिली ठेवा लागते. थोडी फडफडते, पन टिकते."

परतीच्या बसमध्ये तुमसर येईपर्यंत सर माझ्या पेनाने तिकिटामागे आकडे मांडत होते. मग म्हणाले, "मॅडम, आपल्या गणितात कड गच्च आहे."

"पण बेरीज तर एक येते ना?"

"तेच तं. गच्च धरली तरी एक, ढिली धरली तरी एक. बेरीज कडेले विचारतच नाही."

मी सुचवलं, एक ओळ टाकू की कड घट्ट धरली आहे. "मंग नावातून खाण काढा लागन," सर म्हणाले. विद्यापीठात नोंदवलेलं नाव आता बदलता येत नव्हतं.

"सर, कोणाला कळणार आहे?"

"बाबूरावले कळन."

"बाबूराव कधी प्रबंध वाचणार आहेत?"

"नाही वाचणार. म्हणून तं त्याच्या नावानं खोटं लिहाले सोपं आहे."

त्यांनी सगळं नव्याने मांडायला घेतलं. महिन्याभरात ते होणारं नव्हतं. शेवटच्या दिवशी मी जुन्याच मजकुराच्या चार प्रती बांधून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. सरांनी वरच्या प्रतीवरून हात फिरवला. "बाइंडिंग मस्त झालं, मॅडम," म्हणाले आणि प्रवेशाच्या खिडकीवर बसायला गेले. प्रती टेबलावरच राहिल्या. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

निवृत्तीनंतर ते अड्याळला, आपल्या गावी गेले. दोन वर्षांनी मी भेटायला गेले तेव्हा ढिल्या कडेचं प्रकरण हाताने लिहून पूर्ण झालं होतं.

"फरक किती आला?" मी विचारलं.

"थोडासाच."

मला रडू यायचं बाकी होतं. "थोडासाच? एवढ्यासाठी डॉक्टरेट घालवली?"

आतून काकूंचा, सरांच्या बायकोचा, आवाज आला, "मी तं तवाच म्हणत होती, देऊन टाका! तुमीच सांगा ह्यांले."

सर हसले. "थोडासाच आहे हे आता मालूम झालं, मॅडम. तेव्हा कोणाले मालूम होतं?"

ते फाटकापर्यंत सोडायला आले. त्याच वर्षी हिवाळ्यात ते गेले. काकूंनी कागदांचा गठ्ठा माझ्याकडे पाठवला. आता रविवारी दोन पानं टाइप करते. डोळे पूर्वीसारखे साथ देत नाहीत. यादीत प्रकरणाचं नाव लिहिलं आहे. कोणाकडे पाठवायचं, तो रकाना अजून रिकामा आहे.