सुकापूरला गाद्या दिसतात

१० नोव्हेंबर २०१३, रविवार. रक्कम अकरा हजार. हजर: मी, पत्नी आणि रोडपालीहून आलेली धाकटी बहीण. आईच्या वर्षश्राद्धाला घरी पानं मांडण्याऐवजी एखाद्या वृद्धाश्रमात एक दिवसाचं जेवण द्यायचं, असं आम्ही स्वयंपाकघरात ठरवलं. बाबा आत झोपले होते. त्यांना सगळं साग्रसंगीत हवं असणार, म्हणून पक्कं झाल्यावरच सांगू, असं बहीण म्हणाली. "आत्ता सांगितलंस तर तुला तेराव्यापासूनचं सगळं ऐकवतील."

नवीन पनवेलच्या आमच्या घरात कॉम्प्युटर एकच, हॉलमध्ये. त्यावर मी आश्रम शोधले. माणसं किती, जेवणाचा दर काय, पावती मिळते का. नेऱ्याच्या बाजूचा एक पसंत पडला. त्याच पानावर खाली खोल्यांचे दर होते. आकडे दिसले की मी वाचतो. तेही वाचले.

सकाळी चहानंतर त्याच कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसून बाबा पेपर वाचत, पडद्यावरचं अक्षर मोठं करून. चार-पाच दिवसांनी त्यांनी विचारलं, "अरे, ही जाहिरात सगळ्यांना येते का?"

बातमीच्या उजवीकडे एक हसरी आजी होती, मागे झाडं. 'आई-बाबांच्या निवांत दिवसांसाठी. खोल्या उपलब्ध.'

मी बूट घालत होतो. "सगळ्यांनाच येतात, बाबा. लक्ष नका देऊ."

मग ती आजी पंचांगाच्या पानावर आली. हवामानाच्या पानावर आली. क्रिकेटच्या धावसंख्येशेजारीही बसली. मलाही दिसत होती, पण आपण एखादं पान उघडलं म्हणून ती आपल्या मागे लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

बाबा हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झालेले. एकाच पुराव्यावर विसंबून त्यांनी आयुष्यात कधी सही केली नाही. ते सुकापूरला मित्राकडे गेले आणि त्याच्या कॉम्प्युटरवर तोच पेपर उघडून उजवीकडची जाहिरात पाहत बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. जेवताना म्हणाले, "सुकापूरला गाद्या दिसतात."

"मग घ्या एक," पत्नी म्हणाली. "पाठीला बरी."

बाबा हसले नाहीत. त्यांनी आणखी भात मागितला नाही.

त्यानंतर घरातली कुरकुर थांबली. आमटीत मीठ कमी असलं तरी ते चांगली झाली म्हणत. आईच्या लॉकरची किल्ली त्यांनी पत्नीच्या हातात ठेवली. एका संध्याकाळी मला समोर बसवून सोसायटीची, विजेची, गॅसची सगळी कागदपत्रं कुठे आहेत ते दाखवलं.

"बाबा हल्ली इतकं गोड का बोलतात?" पत्नीने विचारलं. "मला भीती वाटते हो."

श्राद्धाच्या दोन दिवस आधी मी धीर करून आश्रमातल्या जेवणाचं सांगितलं. वाद होईल म्हणून तयारीत होतो. ते एवढंच म्हणाले, "नेऱ्याला ना?"

जागेचं नाव मी काढलंच नव्हतं. बहिणीने सांगितलं असेल, असं मी धरून चाललो.

त्या दिवशी बाबा गाडीत बसले ते एक पिशवी घेऊन. बदलायला सदरा असेल, असं वाटलं. आश्रमाच्या फाटकावरच्या माणसाने मला पाहिलंही नाही. तो थेट बाबांना म्हणाला, "आजोबा, खोली झाडून ठेवलीय. पंखा हाय, पन जरा आवाज करतो."

पत्नीने माझा दंड धरला. बहीण म्हणाली, "कुठली खोली?"

"तुमच्याच्याने सांगवत नव्हतं," बाबा शांतपणे म्हणाले. "जाहिरातीवरून पत्ता काढला आणि मीच येऊन अनामत भरून गेलो. जेवणाचं निमित्तही चांगलं शोधलंत."

कार्यालयातल्या व्यवस्थापकांनी हात जोडून त्या जाहिरातीचा उलगडा केला. त्यांची वेबसाइट उघडली की ती उघडणाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये एक छोटी नोंद ठेवते. तिला कुकी म्हणतात. मग त्या कॉम्प्युटरवर दुसरं कुठलंही पान उघडलं तरी जाहिरातवाले ती नोंद ओळखतात आणि त्याला यांचीच जाहिरात दाखवतात. खुर्चीत कोण बसलंय ते त्यांना कळत नाही. म्हणजे माझ्या पाठीवर कुणी खडूने खूण केली होती आणि ती वाचत होते बाबा.

"बघा बाबा," बहीण रडत म्हणाली, "यंत्राचा घोळ आहे नुसता!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे पान आपल्या घरातून उघडलं होतं, हे खरं ना?"

"जेवणाच्या दरासाठी, बाबा."

"खोल्यांचे दर पाहिलेस?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "पाहिले."

"किती आहेत?"

मी आकडा सांगितला. पाठ होता. बाबांनी मान हलवली, जुळलेल्या बेरजेला हलवायचे तशी.

पंगत झाली. बाबांनी स्वतः वाढलं. मग पत्नीने त्यांची पिशवी उचलून गाडीत ठेवली आणि ते मागच्या सीटवर बसले. निघताना व्यवस्थापक अनामत परत करायला तयार होते. "असू द्या," बाबा काचेतून म्हणाले. "खोली राहू द्या."

अन्नदानाचे अकरा हजार मी चेकने दिले, आश्रमाला. अनामतीचे चाळीस हजार बाबांनी दिले, त्याच आश्रमाला. ते पैसे अजून तिथेच आहेत.