तात्यांची मालगाडी

मालगाडीवर पोटच्या पोरासारखा जीव लावणारा माणूस जगात एकच असणार, आणि ते नेमके माझ्या बहिणीचे सासरे निघाले. जन्मभर तात्यांनी साखर कारखान्याच्या गव्हाणीपाशी उसाच्या गाड्या उतरवून घेतल्या. निवृत्त झाल्यावर जळोचीच्या घरात, वरच्या खोलीत दोन पलंग जोडून त्यांवर खेळण्यातले रूळ गोल टाकले आणि तिथंच मुक्काम ठोकला. पोरासोरांना इंजिनाचं वेड असतं; तात्या इंजिनाकडं ढुंकूनही बघत नाहीत. "इंजान कंचंबी वडतंय वो पाव्हणं, भरलंय काय ते बघा," म्हणत ते मला डब्यात डोकं घालायला लावतात.

डब्यातला माल खरा दिसलाच पाहिजे. काड्या तोडून केलेल्या त्यांच्या उसापायी घरातला खराटा दर महिन्याला बारीक होतो; बहीण नवा आणते आणि लपवून ठेवते. साखरेची पोती त्यांनी गोणपाटाची, बोटाच्या पेराएवढी शिवली, आणि साखरेच्या पोत्यात काय भुस्सा भरायचा, म्हणून साखरच भरली. सकाळी बघतात तर मुंग्यांनी अख्खी गाडी उतरवायला घेतलेली. दुसरा चिडला असता. तात्या म्हणाले, "हमाल चांगलं हायेत." बहिणीच्या लग्नात तर मंगलाष्टकं संपत आली तरी नवऱ्यामुलाचे वडील कुठं दिसेनात. सामानाच्या टेम्पोचा दोर आम्ही ढिला बांधला होता, आणि ते वर चढून गाठी मारत बसले होते.

एक नेम मात्र कडक. गाडी पलीकडच्या स्टेशनात पोचली की चिमट्यानं सगळा माल उतरवायचा आणि डबे रिकामे परत आणायचे. भरलेली गाडी भरलेलीच परत आली तर गेलीच कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मागल्या महिन्यात त्यांच्या धाकट्या लेकीला, सुमनला, कंपनीनं इंदूरला बोलावलं. लोणी देवकरला कामाला जाऊन रोज संध्याकाळी घरी येणारी, आई गेल्यापासून तात्यांच्या ताटाकडं बघणारी ही पोर. "तात्या हो म्हणाले तरच जाते," असं तिनं ऑफिसात सांगून ठेवलं, आणि तात्या हूं की चूं करेनात. उत्तर द्यायचा दिवस उजाडला तेव्हा बहिणीनं मला बोलावून घेतलं.

मी आणि सुमन वर गेलो. गाडी फिरत होती. उघड्या डब्यात सुमनचं सामान भरलं होतं: गुंडाळलेली गादी, शेगडी, तिचं कपाट, पुस्तकांची खोकी, सगळं नखाएवढं आणि दोऱ्यानं घट्ट आवळलेलं. स्टेशन आलं, गेलं. तात्यांनी चिमटा उचलला नाही. पुन्हा आलं, पुन्हा गेलं.

"तात्या, उतरवायचं न्हाय व्हय?" सुमननं हळूच विचारलं.

"उतरवतो की. घाई काय हाय?"

आणखी एक फेरा झाला. मग त्यांनी गाडी थांबवली, दोरा सोडला आणि एकेक वस्तू खाली घेतली. नुसती ठेवली नाही, मांडली. शेगडी भिंतीकडं, गादी खिडकीखाली, वारं लागेल अशी. डबा रिकामा होऊन आमच्या बाजूला परत आला. तात्यांनी त्यात बोट फिरवून बघितलं.

"पोचला माल," म्हणाले.

सुमनच्या डोळ्यांना धार लागली. तिच्याकडं बघायचं टाळून ते माझ्याकडं वळले, "पाव्हणं, दौंडवरनं इंदूरची गाडी किती वाजता असती वो?"