पोट्टी राख खाये

माही पयली पोट्टी, जे आता नाही, ते रांगाले लागली अन् पयलं तोंड घातलं ते चुलीत. चूल थंडी होती, देवाची किरपा. पाह्यलं त होठ पांढरे, जीभ पांढरी, अन् हासून राह्यली.

माही सासू हासली. "तू पोटुशी होती तवा चोरून राख चाटे, आता लेकरू बापावर जाईन का वं?"

आमच्या घरी राख कुठी नव्हती! कपाशीच्या पऱ्हाट्या जाळो, रोज टोपलंभर राख निंघे. भांड्याले राख, वालाच्या वेलावर मावा पडला त राख, तुरीच्या बियात कालवलेली राख. मी भांडे घासाले बसली का पोट्टी मांगून येऊन मूठ भरे. पोट डेऱ्यावानी फुगलं, पायाच्या काड्या झाल्या. मी टोपलं घेऊन उकिरड्यावर पळो, पण सांजच्या सयपाकाची राख राहेच. तवा मोठी लढाई चालू होती, तिच्या पायी राकेल भेटे ना, अंधारात पोट्टी काय खाते ते दिसे ना. ते राख उचलली त सासू दारात आडवी.

"दिवा लागल्यावर राख बाहेर काढतं का कोणी? लक्ष्मी जाईन घरची."

"आत्याबाई, पोट्टी जाईन माही."

"थुक, थुक! काय बोलते वं! अन् राख काय विख आहे? देवाचा अंगारा नाही का खात आपुन?"

मंग म्या राखेवर पाणी ओतलं, त तिनं चिखल खाल्ला. टोपलं शिंक्यात ठेवलं, त भिंतीचे पोपडे खाये.

माह्या मालकानं बंडी जुंपली, खामगावच्या दवाखान्यात नेली. डाक्तर म्हणे रक्त नाही अंगात, जंत आहेत. अवशीद देलं, कडू. तिनं अर्धं थुकलं.

मंग एक दिस भांडे घासता घासता ध्यानात आलं का टोपलं शिंक्यात ठेवाचं राह्यलं, खालीच उघडं आहे. झटकन मांगं पाह्यलं. पोट्टी तठीच बसलेली, टोपल्याकडे पाहे बी ना.

"पाह्य, सुटली ना सवय?" सासू म्हणे. "उगी जीव काढे आमचा."

मलेबी वाटलं सुटली. भाकर दुधात कुस्करून देली, घेतली नाही. गूळ देला, होठावरून गळला. छातीले लावली, तोंड उघडे ना. सासूचं हासू गेलं. "दे वं बाई," म्हणे, "जे खाईन ते दे."

मंग म्याच चिमूटभर राख बोटावर घेतली अन् तिच्या होठाले लावली. चाट वं माय, म्हणलं, चाट, मी नाही रागवत.

तिनं तोंड फिरवलं.