सोनूबाईच्या ओवीची रिकामी ओळ

कुंभार पिंपळगावात माझ्या कापड दुकानासमोर दैवशालाचं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ही बाई कॉम्प्युटरवर म्हाताऱ्यांच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करत बसते. मराठीत एम.ए. झालेली. जालन्याला कुठल्याशा कार्यशाळेत तिला कळलं, की अभ्यासाच्या कामाची आवृत्ती इंटरनेटवर काढायला प्रकाशक लागत नाही, फुकट मिळणारी साधी साधनं पुरतात. तेव्हापासून लष्कराच्या भाकऱ्या भाजणं सुरू झालं. मी मारवाडी माणूस, यात धंदा कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

तिची पद्धत मात्र बघण्यासारखी. एक ओवी, एक साधी फाईल. कुणी म्हटली, तिचं माहेर कोणतं, दुसरीच्या तोंडी तीच ओवी कशी वेगळी येते, हे सगळं खाली टिपांत. पानावर एक चित्र नाही. जरा रंगीबेरंगी कर, माणसं बघतील, असं मी किती वेळा सांगितलं. तिचं एकच म्हणणं, की धड रेंज नसलेल्या वस्तीवरच्या जुन्या फोनवरही हे पान उघडलं पाहिजे.

आमच्या गल्लीतली सोनूबाई ऐंशीच्या घरात आहे. तिची आई ती लहान असतानाच गेली. आईचा फोटो नाही, लुगड्याची चिंधी नाही. उरली ती फक्त आईनं तिच्यावर रचलेली ओवी, आणि तीही अर्धीच:

शाळूच्या भाकरीवाणी गोरी माझी सोनी

पुढची ओळ काही केल्या आठवेना. आईचा आवाज इथपर्यंत ऐकू येतो आणि मग गप होतो, असं ती सांगायची. डोळे मिटायच्या आत ती ओळ कानावर पडावी, एवढंच तिचं मागणं होतं.

आता मी दुकानाच्या जाहिराती स्वतः जुळवतो. पटकन म्हणालो, “शोभे राजाघरी राणी.” बराबर बसली. दुकानातल्या माणसांनी माना डोलावल्या. सोनूबाईसुद्धा थकून म्हणाली, की राहू द्या हीच. पण दैवशालाच्या नाकावर राग.

“काका, आईनं जे म्हटलंच न्हाई, ते आईच्या नावावर मी कसं घालू?”

तिनं तिथे टिंबं टिंबं दिली, खाली लिहिलं, ‘ही ओळ मिळालेली नाही, कुणाला येत असल्यास कळवावे,’ आणि आपला नंबर दिला. मला भयंकर राग आला. म्हातारीला दोन शब्दांचं सुख द्यायला हिचं काय जात होतं?

दिवाळीनंतर जाफराबादकडच्या एका वस्तीवरून मीना नावाच्या बाईचा फोन आला. जीपची वाट बघताना तिनं बचत गटाच्या ग्रुपवर आलेलं ते पान उघडलं होतं. सोनूबाईच्या माहेरचं नाव वाचून ती थांबली, कारण तिची सासू कौसाबाई तरुणपणी त्याच गावात राहायची. पुढे तिचं बिऱ्हाड जाफराबादकडे आलं. कौसाबाई आता नाही, पण मरेपर्यंत पीठ मळताना एकच ओळ म्हणायची. सुना विचारायच्या, की आत्याबाई, हिची पहिली ओळ कुठाय? ती म्हणायची, “ती माझी न्हाई. ती समोरचीची हाय.”

दैवशालानं हे सांगितलं तेव्हा मला जातं आठवलं. जात्यावर दोघी समोरासमोर बसतात, एका खुंट्यावर दोघींचे हात. एक ओवी उचलते, दुसरी पुरी करते. माझ्या लहानपणी दारोदारी हे बघितलं होतं. तरी कुणी म्हटली एवढंच आम्ही सगळ्यांनी विचारलं, समोर कोण बसायचं हे दैवशालानंही विचारलं नव्हतं. एका ओवीचे दोन तुकडे, दोन गावांत, इतकी वर्षं आपापल्या जागी जपलेले. माझी राणी तिथे बसली असती, तर मीना ती ओवी वाचून सरळ जीपमध्ये चढली असती.

सोनूबाईला दुकानात बसवलं. मीनाला फोन लावून स्पीकरवर टाकला. सोनूबाईनं कापऱ्या आवाजात ओळ उचलली आणि नेहमीसारखी ‘सोनी’पाशी थांबली. फोनमधून उत्तर आलं:

अर्धी दे गं शेजीबाई, तिच्या आया दोघीजणी

झेरॉक्सला आलेली पोरं कागद हातात धरून उभी राहिली. सोनूबाई पदरानं डोळे पुसून दैवशालाला म्हणाली,

“आई गप झाली नव्हती गं. ती तिथं दम घ्यायची.”