डावा हात

काल कॉलेजच्या मैदानावर श्रेया उजवा हात ओढणीने कमरेला बांधून, नुसत्या डाव्या हाताने बास्केटबॉलचे टप्पे देत पळत होती. माझं हे शेवटचं वर्ष. माझ्यानंतर संघात गार्डच्या जागी कोणाला खेळवायचं, असं आमच्या प्रशिक्षक सरांनी मला विचारलं होतं. श्रेयाच सगळ्यांत तयार होती. तरी मी म्हणाले, “तिचा डावा हात कच्चा आहे, सर.” तो कच्चा नव्हताच. आपण निघताना आपली जागा काही दिवस तरी रिकामी राहावी, असं का वाटतं माणसाला?

मला पाहून ती धापा टाकत आली. “ताई, सरांनी सांगितलं मला. बरं झालं, तुम्ही स्पष्ट बोललात.”

“चालू ठेव,” मी म्हणाले.

आज दिवसभर सर समोर होते. मी त्यांच्याकडे गेले नाही.