आबांची साक्ष

आमच्या मंडळीत साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. रविवारी उपासनेत कोणीही उठावं, देवानं आठवडाभरात काय केलं ते चारचौघांसमोर सांगावं, आणि आपलं काय चुकलं तेही सांगावं. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, या कामात सगळ्यांच्या पुढे. बायकोवर ओरडलो, दवाखान्यात ड्युटीवर डुलकी लागली, असलं सगळं ते धरणगावच्या त्या छोट्या चर्चमध्ये उभं राहून सांगायचे. आई पदरात तोंड लपवायची.

चौथीत असताना मी जत्रेला गेले आणि बाईंना सांगितलं, ताप होता. आबांनी मला शाळेत नेऊन वर्गासमोर खरं बोलायला लावलं. "लपवायला काही ठेवलं नाही की झोप चांगली लागते," म्हणाले. तेव्हा मला रडू आवरेना. राग तर आजही आवरत नाही.

कागदावर मात्र आम्ही हिंदू. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी जुना धर्म आणि जुनी जात लिहिली, ती तशीच राहिली. जी जात नाही ती जात, म्हणतात ते काही उगाच नाही. ख्रिस्ती झालो म्हणून गावानं आम्हाला ओट्यावर बसवलं नव्हतं; पाणी तेव्हाही वरूनच ओतायचे. कायदा मात्र म्हणतो, ख्रिस्ती झालात ना, मग तुमची जात संपली, सवलतही संपली. आबांच्या साक्षीत ही गोष्ट कधी आली नाही. ती त्यांच्या मनातच आली नसेल, किंवा आली असेल आणि त्यांनी मान दुसरीकडे वळवली असेल.

मग मला जळगावच्या एका सरकारी कचेरीत राखीव जागेवर नोकरी लागली, आणि जात पडताळणीसाठी घरी चौकशी येणार असं कळलं.

साहेब यायच्या सकाळी आईनं भिंतीवरचा क्रूस, चर्चचं कॅलेंडर, बायबल, सगळं ज्वारीच्या कोठीत घातलं. शेजारच्या अक्कांनी आपल्या घरातली देवीची तसबीर आणून दिली. आई हात लावेना, तर म्हणाल्या, "लाव ना माय, देवी काय तुले खाई का?" आबा खाटेवर बसून बघत होते. मी म्हटलं, "आबा, तुमच्या मनात नसेल तर राहू द्या." हेही खोटंच. माझ्या मनात होतं ना.

"तुन्ही नोकरीना सवाल शे, पोर," एवढंच म्हणाले.

साहेब भला माणूस. त्यांनी आधी अक्कांना विचारलं, हे लोक सणवार कोणते करतात? अक्का ठसक्यात म्हणाल्या, "बठ्ठा करतस भाऊ. होळीले मन्हा घरन्या पुरनपोया खातस." पुरणपोळ्यांचं तेवढं अगदी खरं होतं.

चहा आला. आमच्या घरात पाण्याचा घोटसुद्धा डोळे मिटून देवाचे आभार मानल्याशिवाय कोणी घेत नाही, आणि ही सवय काही कोठीत घालता येत नाही. आबांनी कप उचलला, पापण्या मिटायला लागल्या. मी जोरात खोकले. त्यांनी डोळे उघडले, साहेबांकडे सरळ बघितलं आणि चहा पिऊन टाकला.

"तुम्ही चर्चला जाता का?"

"नाही."

"घरात कोणी ख्रिस्ती?"

"नाही."

जबाब लिहिला गेला. आबांनी खाली वळणदार सही केली. त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते कसलेल्या माणसासारखे बोलले. मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज नंतर आली.

दाखला मिळाला. आबा पुढेही दर रविवारी चर्चला जात राहिले, पण साक्षीला उठेनात. प्रभुभोजनाचं ताट समोर आलं की भाकर न घेता शेजारच्याकडे सरकवत. येशूच्या आठवणीची ती भाकर पाप लपवून घ्यायची नसते. पाळकांनी विचारलं तर म्हणायचे, पोट बरं नाही. खरं सांगावं तर माझी नोकरी जाणार, न सांगता भाकर घ्यावी तर मन धजेना. मी एकदा समजूत घालायला गेले, "आबा, देवाला सगळं ठाऊक आहे."

"देवले ठाऊक शे, तेच तर शे," ते म्हणाले.

अशी सात वर्षं गेली. मग धुळ्याच्या दवाखान्यात ते शेवटचे पडून होते. पाळक भाकर आणि द्राक्षरसाचा पेला घेऊन आले. आबांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि माझा हात धरला. "मी ते चालनू. तू खरं सांगशी ना?"

कोणाला आणि काय, हे विचारायची गरज नव्हती. सांगितलं तर दाखला रद्द, पगार बंद, आणि आईला घेऊन मी कुठे जाणार होते?

"हो आबा, सांगेन."

त्यांनी पाळकांना आत बोलावलं आणि माझ्या शब्दावर भाकर घेतली. चावता चावता रडत होते, आणि इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते गेले. त्याला आता चार वर्षं झाली. मी अजून कोणाला काही सांगितलेलं नाही, आणि सांगेन असं आता वाटतही नाही. हे लिहिलंय, तेही नाव न घालता.